सासूबाईंचा चेहरा

सूचना. बंगळूर शहर, छावणी आणि थेट देवनहळ्ळीपर्यंतच्या पंचक्रोशीतील समस्त मराठी जावयांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, गेल्या आठवड्यापासून त्यांना सासूला भिण्याचे काहीही कारण उरलेले नाही. भिण्याजोगी सासू या शहरात एकच होती. तरी सर्वांनी क्षणभर उभे राहावे आणि मग निर्धास्तपणे पाय पसरून बसावे.

कसं वाटलं, सासूबाई? मंडळाच्या शोकसभेत मी हेच वाचायला उठलो होतो. पहिल्या वाक्यालाच अध्यक्षांनी माझ्या हातातला कागद काढून घेतला. म्हणाले, "अहो, प्रसंग काय, तुम्ही बोलताय काय!" प्रसंग काय आहे हे मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं, पण तुमच्यासमोर भांडण करायचं नव्हतं. भिंतीवर तुमचा फोटो होता, हार घातलेला, आणि तो फोटो नेमका आजारातला निवडलेला. मग ठरवलं, मंडळाच्या अंकात लिहू. छापून आल्यावर कोण काढून घेतो बघू.

पुण्याहून आलेली आपली नवी संगणकवाली मंडळी अजून समजतात की तुम्ही माझ्या खऱ्या सासूबाई. परवा एकानं माझ्या बायकोचं सांत्वन केलं, "आई गेल्या ना तुमच्या?" तिची आई इथल्याच, बंगळूरच्या शिवाजीनगरात ठणठणीत आहे आणि ही बातमी ऐकून रागावली आहे. आता त्यांना कसं सांगू, की तुम्ही माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी मोठ्या, नाव इंदू, बनशंकरीच्या राघूअण्णांची बायको. आणि मंडळाच्या पहिल्याच नाटकात तुम्ही माझी सासू झालात, ती भूमिका पुढं अंगालाच चिकटली. मी स्टेजवर तुम्हाला 'सासूबाई' म्हणायचो, मग तालमीत, मग रस्त्यात. तुम्ही मला 'जावईबापू'. राघूअण्णा मध्ये उभे राहून हे सगळं ऐकायचे आणि काही बोलायचे नाहीत. ते कधीच काही बोलायचे नाहीत.

स्टेजवर तुमची पहिली एण्ट्री नेहमी मुकी असायची. यायचं, माझ्याकडे बघायचं, मग माझ्या चपलांकडे, मग परत माझ्याकडे. बस्स. प्रेक्षक खुर्च्या बडवायचे. मी मात्र पानभर संवाद पाठ करून आलेला असायचो आणि लोक घरी जाताना तुमच्या भुवईबद्दल बोलायचे. एवढा अन्याय मी आयुष्यात दुसऱ्या कुणाचा सहन केला नाही.

ते सगळं तुमच्या बोटांपासून सुरू झालं. डिसेंबरातली तालीम, शाळेचा गार हॉल. तुम्ही माठातलं पाणी प्यायला स्टीलचा पेला उचललात आणि बोटं खडूसारखी पांढरी झाली. मग निळी. मग हळूहळू लाल. मी घाबरलो. तुम्ही हात पुढं करून म्हणालात, "बघा जावईबापू, तीन अंकी." त्यानंतर येईल त्याला तुम्ही हा प्रयोग करून दाखवायला लागलात. पाहुणे आले की राघूअण्णा निमूटपणे गार पाण्याचा पेला आणून द्यायचे.

मग कातडी ताणायला लागली. हाताची, मग चेहऱ्याची. कपाळावरच्या आठ्या गेल्या, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या गेल्या. हळदीकुंकवाला बायका तुम्हाला कोपऱ्यात गाठून विचारायच्या, "इंदूअक्का, काय लावता हो चेहऱ्याला?" तुम्ही सांगायचात, "जावयाची चंपी करून उरलेलं तेल." त्या हसायच्या. तुम्हीही हसायचात, पण ते आता फक्त आवाजात उरलं होतं. ओठ ताणून ताणून तोंड लहान झालं होतं. चेहरा असा गुळगुळीत आणि गप्प, की देवळातल्या मुखवट्यालाही तुमच्यापेक्षा जास्त भाव असेल.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, स्क्लेरोडर्मा. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच शरीरावर उलटल्यात, म्हणाले. तुम्ही विचारलंत, "म्हणजे गुरख्यानंच मालकाला धरून बडवलं?" डॉक्टर धारवाडकडचे, मराठी चांगलं समजायचं. म्हणाले, "हां अक्का, तसंच. आणि आता तो फुफ्फुसाच्या खोलीत शिरलाय."

तोवर तुम्हाला जिना चढताना धाप लागायला लागली होती. गोळ्या चालू होत्या, पण आजार पुढंच सरकत होता. तेव्हा त्यांनी तो दुसरा मार्ग सांगितला. मी तिथंच होतो, राघूअण्णांच्या शेजारी, कारण प्रश्न विचारायला कुणीतरी हवं होतं.

रक्ताच्या सगळ्या पेशींना जन्म देणाऱ्या काही मूळ पेशी असतात, त्यांना स्टेम सेल म्हणतात. त्या तुमच्याच रक्तातून गोळा करायच्या आणि गोठवून ठेवायच्या. मग जबर औषधं देऊन आतलं बिघडलेलं सैन्य सगळं संपवायचं. आणि राखून ठेवलेल्या मूळ पेशी परत शरीरात सोडायच्या. त्यांच्यातून नवं सैन्य उभं राहतं. हे नवं सैन्य जुनं वैर विसरलेलं असेल.

"असेल, की असतं?" मी विचारलं.

"असेल," डॉक्टर म्हणाले. "ब्लड कॅन्सरला आम्ही हे करतो. ह्या आजाराला परदेशात आत्ता कुठं सुरू झालंय. आणि खरं सांगतो, माणूस उपचारानंच जाऊ शकतो. रिस्क स्वल्प अल्ल, तुंबा." थोडी नव्हे, पुष्कळ. एवढं कानडी आम्हा सगळ्यांना येत होतं.

तुम्ही म्हणालात, "म्हणजे जुन्या नटांना काढून नवा संच घ्यायचा. नाटक तेच."

आपलं खरं भांडण त्या संध्याकाळी झालं, बनशंकरीच्या दर्शिनीत, म्हणजे त्या उभ्यानं खायच्या हॉटेलात. राघूअण्णा कूपन काढायला रांगेत होते. तुम्ही इडलीचे नखाएवढे तुकडे करून ओठांच्या फटीतून आत सरकवत होता. मी म्हणालो, "सासूबाई, हे करायचं नाही. आहे तशी काही वर्षं तरी मिळतील."

"आहे तशी?"

"आहे तशी. काय बिघडलंय? डोळे आहेत, आवाज आहे. नुसत्या आवाजावर तुम्ही हॉल जिंकता."

तुम्ही रांगेतल्या राघूअण्णांकडे बघितलंत. मग हळू आवाजात जे बोललात ते मला शब्दन् शब्द आठवतं. "जावईबापू, तो माणूस लग्न झाल्यापासून माझ्याशी बोललेला नाही. म्हणजे भांडण नाही हो. त्याला गरजच पडली नाही. घरात आला की माझ्या तोंडाकडे बघायचा आणि त्याला कळायचं. आज भाजी खारट झालीय, आज माहेरचं पत्र आलंय, आज ह्याच्याशी बोलायचं नाही. आता येतो, बघतो, आणि त्याला काहीच कळत नाही. परवा मी हसत होते तर त्यानं विचारलं, दुखतंय का गं? त्याला विचारावं लागतंय. मला ते बघवत नाही."

"म्हणून जीव पणाला लावायचा? माणसाला बोलायला शिकवा की."

"या वयात? त्यापेक्षा मरणं सोपं."

मी रागावलो. म्हणालो, तुम्ही मेलात तर स्टेजवर अपमान कुणाकडून करून घेऊ? तुम्ही म्हणालात, "खऱ्या सासूकडून." तेवढ्यात राघूअण्णा कॉफी घेऊन आले. आधी तुमच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्या. माझ्याच तोंडावरून त्यांना कळलं की भांडण झालंय.

तुम्ही ऐकणार नव्हताच. पेशी गोळा झाल्या, गोठल्या. औषधांनी तुमचे केस गेले. काचेच्या खिडकीच्या खोलीत तुम्हाला ठेवलं, बाहेरच्यांशी बोलायला भिंतीवर फोन. आणि तो पेशींचा दिवस उजाडला. मी काहीतरी भव्य बघायच्या तयारीनं आलो होतो. पिशवी बघून माझा विरसच झाला. दर्शिनीत साराचं पार्सल देतात, तेवढी. रंगही साधारण साराचाच. मी फोनवर म्हणालो, "सासूबाई, एवढ्यावर नवं सैन्य?" तुम्ही म्हणालात, "गर्दी करू नका. एण्ट्री आहे त्यांची."

पण त्या दिवसाचे खरे नायक वेगळेच ठरले. गोठवताना पेशी टिकाव्यात म्हणून त्यात एक औषध घालतात. ते रक्तात गेलं की माणसाच्या श्वासाला लसणीचा वास येतो, चांगला दीड दिवस. डॉक्टरांनी आम्हाला सांगून ठेवलं होतं. गोदूआत्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

गोदूआत्या म्हणजे राघूअण्णांची ऐंशीची आत्या, ज्यांनी त्यांना लहानाचं मोठं केलं. त्या घरात पिढ्यान् पिढ्या कांदा नाही, लसूण नाही. आत्या बाहेर बाकावर जप करत होत्या. नर्स दार उघडून बाहेर आली आणि तिच्यामागून तो वास आला. आत्यांची माळ थांबली.

"अय्यो देवा," त्या म्हणाल्या. "लसूण! कुणी घातला हिला?"

आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. साहजिक होतं. माझ्या काकांचं शिवाजीनगरात मिलिटरी हॉटेल, मटण पलावासाठी प्रसिद्ध. आत्या मला नावानं कधी हाक मारायच्या नाहीत, 'मिलिटरीवाल्या' म्हणायच्या. मी औषध, गोठवणं, श्वास असं काहीतरी समजावायला लागलो. त्यांनी मला हातानं गप्प केलं, भिंतीवरचा फोन घेतला आणि तुम्हालाच विचारलं, "इंदू, खरं सांग. ह्यानं दिलं का?"

तुम्हाला अंथरुणावर धड बसता येत नव्हतं. डोक्यावर केस नाही, अंगात रक्षण करणारी एक पेशी नाही. आणि तुम्ही काचेतून माझ्याकडे बघत, त्या गुळगुळीत, निष्पाप चेहऱ्यानं सांगितलंत, "होय आत्या. चटणी होती. मी नको म्हणत होते."

वा, सासूबाई! दुसऱ्या कुणाला इतकं बेमालूम खोटं बोलता आलं नसतं. आजारानं तुमचा चेहरा नेला, पण जाताना हे एक हत्यार ठेवून गेला होता.

दुसऱ्या दिवशी मात्र ही गंमत अंगाशी आली. मी दुपारी गेलो तर दारापुढं गोदूआत्या, हातात तांब्याचा गडू आणि पळी. गडूत पंचगव्य. दूध, दही, तूप, गोमूत्र आणि शेण. बाटलेल्या सुनेला शुद्ध करायला मठातून आणलेलं. "एक पळी जिभेवर, एवढंच," त्या म्हणत होत्या. नर्स "अज्जी, बेडा, बेडा", नको, नको, म्हणत दाराला पाठ लावून उभी. डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर. आणि राघूअण्णा आत्यांच्या पुढं, हात जोडून. ज्या बाईनं वाढवलं तिला ढकलायचं कसं? आणि त्या एका पळीत तुमचा जीव जाण्याइतके जंतू होते. आम्हाला सगळ्यांना ते माहीत होतं. फक्त आत्यांना माहीत नव्हतं, आणि त्या तुमच्या भल्यासाठीच रडत होत्या.

मी म्हणालो, "आत्या, ते औषध होतं, चटणी नव्हती." त्या म्हणाल्या, "चोर आणखी काय बोलणार?" त्यांनी नर्सच्या कोपराखालून हात घालून दाराची मूठ धरली.

भिंतीवरचा फोन वाजला. तो तुमचा होता. राघूअण्णांनी उचलला आणि आत्यांच्या कानाला लावला. आवाज इतका बारीक, पण मला शेजारी उभं राहून ऐकू आला.

"आत्या, प्रायश्चित्त खाणाऱ्याला नसतं. खायला घालणाऱ्याला असतं. शास्त्रात आहे."

कुठल्या शास्त्रात, सासूबाई? मी नंतर विचारलं तेव्हा म्हणालात, "तुमच्यापुरतं तिथंच लिहिलं." पण आत्यांनी काचेतून तुमच्याकडे बघितलं, आणि तो चेहरा खोटं बोलूच शकत नव्हता. त्या माझ्याकडे वळल्या. मीही तुमच्याकडे बघितलं. तुमची नजर मला ओळखीची होती. वाक्य विसरलेल्या नटाला द्यायची ती नजर.

मग मी माझ्या कारकिर्दीतलं सर्वोत्तम काम केलं. इस्पितळाच्या त्या व्हरांड्यात गुडघे टेकले, कान धरले, लसणीचं संपूर्ण पाप कबूल केलं, आणखी दोन-चार पापं पदरची घातली, आणि पंचगव्य मागितलं. एक पळी? छे. आत्यांचा संशय फिटेना. मी गडू तोंडाला लावला. चवीबद्दल मी काही लिहिणार नाही. हा अंक मुलंही वाचतात. नर्स भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आत्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पहिल्यांदाच नावानं हाक मारली.

मी वर बघितलं. काचेपलीकडे तुमचे खांदे गदगदत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चेहरा मात्र तसाच, गुळगुळीत. राघूअण्णा काचेला जवळजवळ नाक लावून उभे होते. त्यांनी माझी बाही धरली आणि विचारलं, "रडतेय का रे ती?"

मी सांगितलं, "नाही अण्णा, हसतेय." त्यांनी मान हलवली, पण त्यांचा विश्वास बसला नव्हता.

नवं सैन्य आलं. तुम्ही घरी आलात. बराच काळ काही झालं नाही. आणि एक दिवस मी कामाला होतो त्या कारखान्यात तुमचा फोन आला. ऑपरेटरला तुम्ही 'अत्यंत तातडीचं' सांगितलेलं. मी धावत गेलो. तुम्ही म्हणालात, "जावईबापू, हाताला चिमटा घेता येतोय!" दगडासारखी कातडी मऊ पडायला लागली होती. त्यानंतर मला रोज बातमी मिळायची. बोट वाकलं. चमचा आडवा न करता तोंडात गेला. जुन्या सैन्याबरोबर लहानपणच्या लसींची आठवणही गेली होती, म्हणून डॉक्टरांनी तुम्हाला परत लसी टोचायला पाठवलं. मांडीवर बाळं घेतलेल्या आयांच्या रांगेत तुम्ही एकट्या बसलात. शेजारणीनं विचारलं, "तुमचं बाळ कुठं?" तुम्ही सांगितलंत, "मीच."

असं सगळं छान चाललं असताना गोष्ट इथंच थांबली असती, तर मी हा लेख लिहीत नसतो. आजार थांबला होता, पण फुफ्फुसाच्या ज्या खोल्या आधीच जळाल्या होत्या त्या परत बांधता येत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. या थंडीत छातीत संसर्ग झाला आणि ती उरलेली जागा पुरली नाही. तुम्ही दुपारी गेलात, घरीच, राघूअण्णा जवळ होते. शांतपणे. आत्या एवढंच म्हणाल्या, "हिच्या आधी माझा नंबर होता."

त्याच्या आधी मी तुम्हाला तुमच्या घराच्या व्हरांड्यात भेटलो होतो. नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनचं सिलिंडर. तुम्ही विचारलंत, "मग, कोण जिंकलं?" आपलं दर्शिनीतलं भांडण तुम्ही विसरला नव्हता. मी म्हणालो, "पडदा पडू दे, मग सांगतो." तुम्ही म्हणालात, "अहो शहाणे, पडदा पडल्यावर मी कशी ऐकणार?" मी विषय बदलला.

आता पडदा पडलाय. सांगतो. मला माहीत नाही, सासूबाई. तुम्ही गोळ्यांवर राहिला असतात तर आज असतात का? मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं, सांगता येत नाही. या आजारात हे करून पाहिलेली माणसंच अजून थोडी आहेत. त्यांचा हा प्रामाणिकपणा मला आवडला आणि त्याचा मला भयंकर रागही आला. काही दिवशी वाटतं, मी दर्शिनीत आणखी मोठ्यानं भांडायला हवं होतं. पण मग मला आपलं शेवटचं नाटक आठवतं आणि माझी बाजू लंगडी पडते. तेव्हा निकाल मी देत नाही. निकाल त्या संध्याकाळीच लागलेला आहे. तुम्ही स्टेजवर होता आणि कदाचित नीट ऐकू आलं नसेल, म्हणून सांगून ठेवतो.

गणपतीतला प्रयोग. दुसऱ्या अंकाचा शेवट. सासूनं जावयाला घराबाहेर काढायचं, मी पाय धरायचे, तुम्ही कडाडायचं, "चालते व्हा माझ्या घरातून!" आणि पडदा. मी लोळण घेतली. उठलो, तर डोकं गार लागलं. माझा केसांचा टोप तुमच्या साडीच्या काठात अडकला होता. तुम्ही रागानं दोन पावलं गेलात आणि टोप मांजरासारखा तुमच्यामागून आला. लोक ओरडायला लागले. तुम्ही खाली बघितलंत. मग माझ्या टकलाकडे.

आणि तुमचा चेहरा फुटला. दुसरा शब्द नाही. कपाळ, गाल, डोळ्यांच्या कडा, सगळीकडून एकदम. तोंड सताड उघडं, दात दिसतायत, सासूचा राग कुठल्या कुठं. विंगेतून प्रॉम्प्टर कुजबुजतोय, "चालते व्हा... अहो, चालते व्हा..." तुम्ही तोंड उघडताय आणि हसूच बाहेर येतंय. तुम्ही पदर तोंडावर धरलात. वाक्य आठवायला म्हणून पाठ फिरवायला लागलात.

तेव्हा पहिल्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. राघूअण्णा उभे राहिले होते. आयुष्यात चार लोकांत तोंड न उघडलेला तो माणूस, भरल्या हॉलमध्ये, दोन्ही हात वर करून, फाटक्या आवाजात ओरडला:

"नाटक जाऊ दे गं खड्ड्यात, इंदू! इकडं बघून हस!"